मागच्या डाव्या कोपऱ्यातला आवाज

माझ्या तोंडाला आमच्या अख्ख्या इमारतीत लोक भितात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. खालच्या मजल्यावरची पोरं मला जिन्यात बघितलं की सिगारेट विझवतात. माझी जाऊ म्हणते, "राउशान, तुझ्या जिभेला विळीचं पातं बसवलंय." असेल. पण मी माझ्याबद्दल सांगायला बसलेली नाही. सांगायचंय साकेनबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल. त्याच्याबद्दल बोलायला लागलं की ही जीभ जरा नरमच पडते, ते तेवढं त्याला सांगू नका.

साकेनचा आमच्या कारागंडा शहरातल्या बाजारात गाळा आहे, मोबाइलवाल्यांच्या रांगेत अगदी टोकाला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पण लोक लांबून येतात ते दुसऱ्याच कामासाठी. जुने खेळ असतात ना कॉम्प्युटरवरचे, किल्ले, भुयारं, धाडधाड गोळ्या, त्यांत आवाज चारी बाजूंनी यायचा. कोणी मागून आला तर पाऊल मागेच वाजायचं. दार लावलं की पलीकडचं बोलणं दबायचं. भुयारात शिरलात की तुमचाच खोकला घुमायचा. मग नवे विंडोज आले आणि सगळं सपाट झालं. खेळ बिचारा जुन्या साउंड कार्डाला हाका मारत बसतो, आणि नव्या मशीनमध्ये ओ द्यायला कोणीच नसतं. साकेन काय करतो, खेळाच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल ठेवतो. ती दुभाष्याचं काम करते. खेळाची हाक झेलायची आणि नव्या मशीनला समजेल अशा भाषेत पुढे सांगायची. मग खेळाच्या सेटिंगमध्ये चारी बाजूंच्या आवाजाची जी ओळ पुसट होऊन पडलेली असते, ती ठळक होते. तिथे गिऱ्हाइकं टाळ्या वाजवतात. साकेनचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. स्पीकर किती उंच, मागचे किती हळू, भिंतीपासून किती लांब. आवाज खोक्यातून आल्यासारखा वाटता कामा नये, तो खोलीतल्या हवेत उभा राहिला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

हे सगळं मला एवढं पाठ कसं? करा लग्न असल्या माणसाशी, तुमचंही होईल.

आमच्या बाहेरच्या खोलीत चार स्पीकर आहेत. दोन टेबलावर. मागच्या दोघांपैकी एक भिंतीवरच्या गालिच्याच्या खिळ्याला टांगलेला, दुसरा माझ्या काचेच्या कपाटावर. त्या कपाटात माझ्या आईने दिलेले पेले आहेत. खेळात कुठे स्फोट झाला की पेले किणकिणतात आणि मी स्वयंपाकघरातून ओरडते. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

तर या वसंतात रूडीचा फोन आला. रूडी म्हणजे रुडॉल्फ, साकेनचा जिवाभावाचा मित्र, इथल्याच जर्मन मोहल्ल्यातला. तरुणपणी दोघांनी मिळून एका तळघरात कॉम्प्युटरचा क्लब चालवला होता. सगळ्या क्लबात चांगलं साउंड कार्ड एकच. भांडण नको म्हणून दोघं एकाच मशीनवर बसायचे. रूडी डावीकडे, कीबोर्डवर, चालणं-पळणं त्याचं. साकेन उजवीकडे, माऊसवर. बघणं, नेम धरणं याचं. आणि ऐकणंही याचंच. "मागून आला, वळ," असं साकेनने म्हणायचं आणि रूडीने डोळे झाकून पळायचं. दोघांत मिळून एक माणूस. जगातलं सगळं बोलणंही त्यांचं तिथेच व्हायचं, एकमेकांकडे न बघता, डोळे पडद्यावर ठेवून. पुरुषांना बोलायला समोर काहीतरी लागतं. रूडीने एर्नाला मागणी घातली ते साकेनला तिथेच कळलं. साकेनचे वडील वारले तेव्हा तो मोकळा रडला तोही तिथेच. आणि जर्मनीला जायचं ठरलंय हेही रूडीने तिथेच सांगितलं, किल्ल्याच्या भिंतीवरून उडी मारता मारता.

"मे महिन्यात येतोय," रूडी फोनवर म्हणाला. "आपला किल्ला लावून ठेव. होता तसा. चारी स्पीकर."

"आणि एर्ना?" मी मागून ओरडले. "तिला नाही आणत का?"

"नाही वहिनी, एकटाच येतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मला वाटलं साकेन उड्या मारेल. तो गप्पच. पण मी म्हटलं, हा हल्ली गप्पच असतो. हिवाळ्यात त्याला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासूनचं. मी चहा ओतायला नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसते, दाराच्या बाजूला; चहाचं पाणी उकळायचा समोवार तिथे असतो. जे काही सुनवायचं ते मी तिथूनच सुनवते. आणि त्या तापापासून हा माणूस एका शब्दाने उलटून बोलला नव्हता. नळ गळतोय म्हटलं, गप्प. तुझ्या बहिणीने मला लग्नात शेवटच्या रांगेत बसवलं म्हटलं, तरी गप्प! मी माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं, "अगं, माझा नवरा संत झालाय."

ती म्हणाली, "डॉक्टरला दाखव."

त्याच सुमाराला दातांच्या डॉक्टरची बायको मला भाजीच्या रांगेत भेटली. तिच्या नवऱ्याला साकेनने हेडफोनवर खेळ लावून दिला होता. "राउशान-अपा, वाईट वाटून घेऊ नका," ती कुजबुजली, "पण सगळा आवाज एकाच कानात कोंबल्यासारखा वाटतो म्हणे. हे म्हणाले, साकेन-आगा वडीलधारे, त्यांना कसं सांगायचं."

"आणि मला बरं सांगवतं? मी काय तुझ्या वयाची आहे?" मी म्हटलं. घरी येऊन चहा ओतता ओतता साकेनला शब्दन् शब्द सांगितला. तो कणकेचा तळलेला बाउर्साक चहात बुडवत राहिला. हल्ली गाळ्यावरची ती खास कामं आटत चालली होती; का, ते मी सांगूनही जणू त्याला पत्ताच नव्हता. गिऱ्हाइकं तर तोंडावर बोलतच नाहीत.

रूडी यायच्या आधीच्या रविवारी साकेनने शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. दुसऱ्या मजल्यावरचे केंझेबाय-आता, म्हणजे केंझेबाय आजोबा, खाणीतून निवृत्त झालेले, आणि समोरच्या दारातल्या झादिरा मास्तरीणबाई. मी ताजे बाउर्साक तळले, जेवणाचा दस्तरखान पसरला. खाणंपिणं झालं आणि हा म्हणतो, "जरा एक गंमत. एकेकाने या खुर्चीवर बसून डोळे मिटायचे. किल्ल्याचा पहारेकरी तुमच्याभोवती फिरेल. तो कुठे आहे ते बोटाने दाखवायचं."

केंझेबाय-आतांनी डोळे मिटले आणि चारी दिशांना बोट फिरवलं. "वा! वा! काय आवाज आहे!"

"पण या क्षणी नेमका कुठे आहे?"

"सगळीकडे आहे बाळा, सगळीकडे! वा!"

झादिराबाई बसल्या. डोळे गच्च मिटून, खांदे आखडून म्हणाल्या, "अगंबाई! अगदी मानेवर श्वास लागला हो त्याचा!"

मी चहाची किटली घेऊन उभी होते आणि माझी नजर टेबलाखाली गेली. मागच्या दोन स्पीकरांची काळी वायर लोंबत होती. सकाळी व्हॅक्यूम क्लीनर फिरवताना मीच ती उपटली होती आणि परत लावायची राहून गेली होती. मागे काहीच वाजत नव्हतं! मी ओठ चावून धरले. पाहुणे ते पाहुणे. शेवटी केंझेबाय-आतांनी तळवे वर करून आशीर्वाद दिला, "या घरात चारी दिशांनी गोड आवाज येवो," आणि आम्ही सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

दार लागलं आणि मी हसत सुटले. "मानेवर श्वास म्हणे! अरे, मागचे स्पीकर लावलेलेच नाहीत! ती बघ वायर!"

साकेनने वाकून वायर बघितली. हसला नाही. "मागचे वाजतच नव्हते?"

"नव्हते."

"मुळीच?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. हा माणूस खालच्या अंगणात गाडी थांबली की कुणाची ते सांगायचा. "साकेन," मी म्हटलं, "तुला कळलं नाही?"

तो जमिनीवरच बसला, गालिच्याला टेकून. म्हणाला, "डावा कान गेला, राउशान. त्या तापात. मला वाटलं दडा बसलाय, निघेल. गेलो डॉक्टरकडे तेव्हा म्हणाले, नस मेलीय, उशीर झाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस."

"मी? मी लोकांना घाबरवते!" असं म्हणाले खरी, पण रडायला मीच लागले. त्याच्या त्या मेल्या कानाजवळ मी हिवाळाभर बडबड करत होते आणि तो एकटाच तिथे बसलेला होता, काही न ऐकता. मला इतकं भरून आलं की मी त्याचं डोकं छातीशी धरून बसले.

मग तो म्हणाला, "रूडीला सांग, मी बाल्खाशच्या सरोवरावर मासे धरायला गेलोय."

"जन्मात कधी मासा धरलायस?"

"मग काहीही सांग. स्पीकरला हात लावला तर मला एवढंच कळतं की तो वाजतोय. आवाज कुठे उभा आहे, ते एका कानाने नाही कळत. म्हणून तर या शेजाऱ्यांना बसवलं. आमच्या दोघांत ऐकणं माझ्याकडे होतं, राउशान. तेच गेलं तर त्याच्यासमोर मी काय म्हणून बसू? सगळं विकून टाकतो. स्पीकर, गाळा, सगळं."

मी नाक पुसलं. "मला बसव खुर्चीवर."

"तुला?"

"ते पाहुणे होते. यजमानाच्या भांड्यात माशी पडली तरी पाहुणा वाहवाच करणार. मी काय पाहुणी आहे?"

मग हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मी त्याचं हसू पाहिलं.

आठवडाभर गाळा बंद ठेवून आम्ही तेच केलं. मी डोळे मिटून बसायचे आणि तो स्पीकर हलवायचा.

"मागे आहे का पहारेकरी?"

"मागे कसला, कपाटावर चढून बसलाय. माझ्या पेल्यांवर पाय सोडून."

तो स्पीकर खाली घ्यायचा. "आता?"

"आता भिंतीत पुरलास."

"आता?"

"आता बरा आहे, पण ओरडतोय. चोरून यायचंय ना त्याला? मग चोरासारखा येऊ दे की!"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की तो जाऊन माझ्यासाठी चहा करून घेऊन आला. बाकी कुणी मला माझ्या खवचटपणाबद्दल चहा पाजलेला नाही. नखभर कमी, केसभर मागे, असं करत करत एका दुपारी मी भुयारात डोळे मिटून बसले होते आणि माझ्या डाव्या खांद्यामागून, थोडं लांबून, कुणीतरी ओल्या दगडावरून चालत आलं. मी किंचाळून वळले. मागे आमचा गालिचा.

"काय झालं?" साकेन म्हणाला.

"आला," मी म्हटलं. "खरंच आला रे."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मात्र मला समोर बसवून म्हणाला, "रूडीला हे कळता कामा नये. नानवर हात ठेव."

"आणि तो डावीकडून बोलला तर?"

"खेळताना मान डोलवली की भागतं. हात ठेव."

मी भाकरीवर हात ठेवला आणि शपथ घेतली. नानवर हात ठेवून दिलेला शब्द आमच्यात कोणी मोडत नाही.

रूडी आला. वाळून गेला होता, सगळे केस पांढरे. दाराशी दोघं एकमेकांच्या पाठी बडवत राहिले. मी त्याला मानाच्या जागी बसवलं, मटण वाढलं, त्याने चिमणीसारखं खाल्लं. "काय रे, तिकडे उपाशी ठेवतात का?" मी म्हटलं. तो कसानुसा हसला. मग दोघं मशीनवर बसले, होते तसे, रूडी डावीकडे आणि साकेन उजवीकडे.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. किल्ल्याचं फाटक कुरकुरलं, वाऱ्याने निशाण फडफडलं, आणि मागून पाऊल वाजलं तसा रूडी दचकून वळला. "तेच रे! अरे साकेन, तेच!" साकेनने माझ्याकडे बघितलं. मी किटली घेऊन उभी होते, आणि मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला की विचारू नका.

मी चहाचा प्याला ठेवायला रूडीच्या मागे गेले, तेव्हा तो बोलला. हळूच, डोळे पडद्यावर. "एर्ना गेली, साकेन. फेब्रुवारीत. मला फोनवर सांगवेना."

आणि त्याच क्षणी भिंतीवरचा एक पहारेकरी धप्पकन खाली पडला. साकेन खो खो हसला. "हा बघ, आपटला!" असं म्हणत त्याने जोरजोरात मान डोलवली.

रूडीची बोटं कीबोर्डवर थांबली. "पळव ना रे!" साकेन म्हणाला. रूडी त्याच्याकडे बघत होता. इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी तो हे एक वाक्य बोलायला या खुर्चीवर आला होता, आणि त्याचा मित्र हसला होता. तो हळूहळू खुर्ची मागे सरकवायला लागला.

टेबलावर नान होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, तू मला काय शिक्षा द्यायची ती दे.

"रूडी, बस खाली," मी म्हटलं. "त्या कानाने त्याला ऐकू येत नाही. हिवाळ्यापासून. तू काय म्हणालास ते त्याला कळलेलंच नाही."

"राउशान!" साकेन गर्रकन वळला. त्याचा चेहरा इतका लाल मी कधी पाहिला नव्हता. "तू शपथ..."

"शिव्या नंतर दे. रूडी, या बाजूला ये. आणि पुन्हा सांग."

असली गोष्ट एकदा सांगायलाच माणसाला केवढं बळ लागतं. त्या बिचाऱ्याला मी दोनदा सांगायला लावली. तो खुर्च्यांच्या मागून वळसा घालून गेला, वाकला, आणि साकेनच्या उजव्या कानात बोलला. मला ऐकू आलं नाही. मला फक्त साकेनचा चेहरा दिसत होता. त्यातला राग गेला आणि मग रंगही गेला.

तो उठला तेव्हा खुर्ची पडली. त्याने रूडीला कवेत घेतलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला, दुःखाच्या घरात शिरताना आमचे पुरुष रडतात तसा. "तिची माती रेशमाची होवो! माझ्या भावा! तिची माती रेशमाची होवो!" रूडी आधी ताठ उभा राहिला, आणि मग तोही तसाच, गळा काढून रडला. तिकडे पडद्यावर पहारेकऱ्यांनी येऊन आमच्या माणसाला मारून टाकलं, माझे पेले किणकिणले, पण तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

चहा गार झाला. मी पुन्हा केला. रूडी उजव्या बाजूला बसून सगळं सांगत राहिला, दवाखाना, शेवटचे दिवस, रिकामं घर. "ती क्लबात यायची तर नाक दाबून यायची," तो म्हणाला. "म्हणायची, तुमच्या मोज्यांना खेळायला लावा, तुम्ही घरी चला." त्यावर तिघंही हसलो आणि पुन्हा रडलो.

मग रूडीने त्याच्या कानाकडे बोट केलं. "हे तू मला का नाही कळवलंस?"

"तू मला कळवलंस?" साकेन म्हणाला.

रूडी पडद्याकडे बघून म्हणाला, "उठव आपल्या माणसाला. किती वेळ मेलेला ठेवायचा?"

त्यांनी जागा बदलल्या. साकेन कीबोर्डवर सरकला, माऊस रूडीकडे गेला. साकेन उठून स्वयंपाकघरात गेला, माझं भाजी चिरायचं स्टूल आणलं आणि स्वतःच्या डाव्या हाताला ठेवलं. "राउशान, इथे बस. या बाजूचं मला काही कळत नाही," तो रूडीसमोर मोठ्याने म्हणाला. "तू सांगत जा."

मी हात पुसून बसले आणि डोळे मिटले. फाटक कुरकुरलं. वारा आला. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"कोणी आहे का?" साकेनने विचारलं.

"आहे एक जण," मी म्हटलं. "मागे, डावीकडे, जिन्यावर. पण हळूहळू येतोय. अजून लांब आहे."